विमानाच्या शेपटीत सरकी

घाटंजी, १२ डिसेंबर १९६१

आदरणीय रामसिंग दाजींना पूनमसिंगचा रामराम.

पाठ सोडली तर माझी तब्येत उत्तम आहे. ताईचा खोकला गेला असेल, तुमचा पांढरा बैल लंगडायचा थांबला असेल. (आधी बैलाचंच विचारणार होतो, पण पत्र ताई वाचून घेते.)

मी देवीलालशेठच्या विमानपट्टीवर राखणदार आहे, हे तुम्ही गावभर सांगितलंच आहे. काम म्हणजे पट्टीवरच्या गाई हाकायच्या. गेल्या शुक्रवारी विमान चालवणारे जहीरसाहेब म्हणाले, "शेठले आणाले नागपूरले चाललो, विमान रिकामंच हाय. बसतं काय? एक चक्कर मारून उतरवून देतो." चक्कर ऐकून मी हरखलो, पण 'रिकामं' काही मनाला पटेना. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. तांड्यातून जनावर मोकळ्या पाठीनं काढू नये आणि भार दोन्ही अंगांना सारखा हवा, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून साहेब चहा पीत होते तेवढ्यात शेठच्या कापसाच्या जिनातली सरकीची दोन पोती शेपटीत चढवली, दोन्ही अंगांना अगदी सारखी. (बैलाच्या शेपटीवर कोणी पोतं लादत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.)

दाजी, चाकांची खडखड एकदम थांबते ना, तेव्हा आपल्याच पाठीवरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यासारखं वाटतं. खाली फुटलेला कापूस, त्यापलीकडे शेठनं दिलेली आमची झोपडी. चंदाबाई मिरच्या वाळत घालत होती, तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्याकडे तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, आता असंच राहावं, खाली उतरूच नये. तेवढ्यात विमानानं नाक आभाळाकडे केलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थबकलं आणि शेपटीवर शेजारच्या नागोरावच्या पऱ्हाटीत जाऊन बसलं.

पोती फाटून सरकी वावरभर पसरली. (कापसाच्या वावरात सरकी पाहून कोणाला नवल वाटणार?) जहीरसाहेबांचा हात मोडला. त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही, "माहीच चूक" म्हणाले. शेठ त्यांना काढणार आहेत, आणि पुन्हा कोणी त्यांच्या हाती विमान देणार नाही म्हणतात. मला घास गोड लागत नाही, दाजी. एवढा भला माणूस मी पाहिला नाही.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
पूनमसिंग

ता. क. रविवारी शेठला खरं सांगायचं ठरवलंय. एकट्यानं पाऊल उचलवत नाही, शेजारी उभे राहायला या.

पुन्हा ता. क. गाडी मात्र रिकामीच आणा, अपशकुन झाला तरी चालेल. परतताना आमचा संसार तिच्यात भरायचा आहे.