सातव्या आवृत्तीतलं क्रियापद

४ मार्च, सोमवार

आलं! प्राध्यापकांचं दुसरं पत्र. त्यांच्या लॅटिन व्याकरणाचं तेच पान, तेच क्रियापद — फेरो. एवढंसं क्रियापद, पण डोकं खाल्लं त्याने. वर्तमानकाळात फेरो, भूतकाळात एकदम तुली! आपल्या 'जातो'चंही 'गेला' होतं म्हणा, पण आपलं ते आपलं. अर्थ तर विचारूच नका — वाहून नेणे, आणणे, फळ धरणे, सोसणे, आणि 'लोक असं म्हणतात' हेसुद्धा त्याच्यातच.

लिहितात, "सातव्या आवृत्तीसाठी 'सोसणे' हा अर्थ मी दुसऱ्या क्रमांकावर आणला, तो आपण परत चौथ्यावर नेला. 'तुलेरुन्त'शेजारी 'तुलेरे' हे पर्यायी रूप घातले, ते आपण खोडले. माझे पुस्तक आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळते काय?"

'आपण' म्हणजे मी. प्रुफावरच्या लाल खुणा माझ्या आहेत.

५ मार्च

छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी तावातावाने आमच्या खोलीत आला. "मी बरोबर जुळवलं होतं, बाई. तुम्हीच काट मारलीत!" हस्तलिखित काढून बघितलं — 'तुलेरे' ठसठशीत लिहिलेलं. प्राध्यापक पेन इतकं दाबून लिहितात की कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी अक्षर लागतं.

मग मी का खोडलं? कारण माझ्या जोडीला बसणाऱ्या तात्यांनी ते वाचलंच नाही! तात्या हस्तलिखित मोठ्याने वाचणार, मी प्रुफावर नजर ठेवून ऐकणार, ही आमची पद्धत. जे ऐकू आलं नाही ते जास्तीचं, म्हणून काट. हे काम मला तात्यांनीच शिकवलं. "डोळा फसवतो पोरी, कानावर विश्वास ठेव" हेही त्यांचंच.

त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मी वाचलं होतं. तुझं लक्ष नसेल."

माझं लक्ष नसेल!!

८ मार्च

छापखान्याच्या मालकीणबाईंनी बोलावलं. "तिसरं पत्र आलं, तर त्या खोलीत मी दुसरी माणसं बसवीन." माणसं म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे. तात्यांना कोण काय बोलणार? या पुस्तकाच्या सहाच्या सहा आवृत्त्या त्यांनीच वाचल्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

९ मार्च

घरी सांगितलं. हे म्हणाले, "मग नीट ऐकत जा ना."

१२ मार्च

आज ते पान पुन्हा वाचायला घेतलं. मी कान टवकारून बसले. तात्यांनी कागद धरला, नेहमीसारखी मागून बोटं फिरवली आणि सुरू — "फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त..." पाढे म्हणावेत तसं, कुठे अडखळणं नाही. "तुलिमुस, तुलिस्तिस, तुलेरुन्त." आणि पुढचं? 'तुलेरे' कुठाय? ते सरळ अर्थांवर गेले.

जेवणाच्या सुट्टीत कपाटातून सहावी आवृत्ती काढली. तात्या म्हणाले ती ओळ न् ओळ तिच्यात आहे! म्हणजे हा माणूस नवं समोर धरून जुनं वाचतोय. का? दुसरं काय असणार — मागे एकदा त्यांच्या भाचीसाठी इथे जागा आहे का, म्हणून विचारत होते. माझी जागा! 'पोरी, पोरी' म्हणत केसाने गळा कापतायत. संताप संताप झाला. घरी येताना दोनदा रस्ता चुकले.

१३ मार्च

सापळा लावला. त्या पानाच्या जागी कोरा कागद ठेवला. म्हटलं, आता बघू काय नाटक करतात.

तात्यांनी कागद उचलला. बोटं फिरवली. जरा थांबले. मग — "फेरो, फेर्स, फेर्त..." शेवटपर्यंत. अर्थसुद्धा सगळे, 'सोसणे' चौथ्या क्रमांकावर.

मी एकही खूण केली नाही. वर बघितलं तर त्यांचे डोळे कागदावर नव्हतेच, खिडकीच्या उजेडाकडे होते. त्यांना दिसत नाही. चहाचा कप चाचपून उचलतात. वर्षभरात एकही नवं पुस्तक तपासायला घेतलं नाही, "ते तरुणांना द्या" म्हणतात. मी रोज समोर बसते आणि मला दिसलं नाही. कसली भाची न् कसलं काय. मी गाढव आहे.

१४ मार्च

अजूनही रागच येतोय. दिसत नाही तर सांगायचं! "तुझं लक्ष नसेल" म्हणायची काय गरज होती?

१५ मार्च

तिसरं पत्र आलं. या खेपेला पुढच्या पानावरची 'तेतुली' या जुन्या रूपाची तळटीप मी उडवलेली. मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या दहा वाजता या."

ठरवलं. सांगून टाकणार. मला ही नोकरी हवी आहे, दुसरं कुठलंही काम मला येत नाही. आणि मी खोटं थोडंच बोलणार आहे? 'तात्यांना दिसत नाही' — तीन शब्द. मनात दहा वेळा म्हणून पाहिले. दहाही वेळा स्वतःची लाज वाटली. तरी सांगणार.

१६ मार्च

दहाला पाच कमी. मालकीणबाईंच्या दाराशी पोचले, तर तात्याच आतून बाहेर येत होते, भिंतीला हात लावत. माझी पावलं ओळखली.

"सांगून आलो सगळं. तुझी काही चूक नाही म्हटलं." मग आवाज खाली आणून, "त्या दिवशीचा कागद कोरा होता ना? बोटांना कळलं गं. तरी वाचलं. म्हटलं, माझ्या तोंडून तर निघत नाही, निदान तुला कळू दे."

मी तिथे काय सांगायला आले होते, ते त्यांनी विचारलं नाही.