मिठावरचे जोडे

१ जानेवारी १९८२, शुक्रवार. यान्बू, सौदी

हाशम सकाळीच आला. तो आणि त्याची बायको साबिरा अठ्ठावीस तारखेला सुट्टीवर गावी निघतायत. "शौकत, आठ वर्षांची पोर, वहिनी गेल्यावर घरात बाईमाणूस नको काय? आम्ही नेतो तिला. दाभोळला नानीकडं राहील, तिथंच शाळेत जाईल." मी म्हटलं, न्या. चहा प्यायलो. साखर होती की नाही, कोण जाणे.

शरफुन्निसाला दफन करून चार महिने झाले. रडू यायला हवं — येत नाही.

४ जानेवारी

कंपनीच्या कंपाउंडमध्ये नवं खूळ! कॅनडावाल्या इंजिनियरची बायको, कॅरल, तिकडे हिवाळ्यात नवख्यांना, पोराबाळांच्या कुटुंबांना बर्फाच्या जंगलात फिरवायची. पायाला रुंद, जाळीचे जोडे बांधायचे, म्हणजे पाय रुतत नाही. इथं बर्फ कुठला? पण किनाऱ्याला मिठाची जमीन आहे — वर पांढरा पापुद्रा, खाली चिखल. त्यावरून चालवणार. जंगल म्हणजे पलीकडची तिवरांची झाडी. तिकडे म्हणे बर्फ पडलं की जंगलात आवाजच राहत नाही. मग मी तिथंच राहतोय.

आमच्या सुरैयाला जायचंय. कॅरलनं विचारलं, घरची माणसं किती? मी म्हटलं, तीन. नंतर दुरुस्त करायचा कंटाळा आला.

७ जानेवारी

जोडे मिळाले. देवगडचा दत्ताराम सुतार खोक्यांच्या फळ्या आणि नायलॉनच्या दोरीचे करून देतोय. आम्हाला तीन जोड. "वहिनींचा जरा अरुंद केलाय. बायकांचा पाय लहान." त्याला माहीत नाही. बरं म्हटलं. तिसरा जोड पलंगाखाली सरकवला.

८ जानेवारी, शुक्रवार

कॅरलचा नियम — पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मूल मधे. आम्ही तर दोघंच. कॅरल सुरैयाच्या पुढे झाली, मी मागे. मीठ पायाखाली करकरत होतं. सुरैया चक्क हसली. मी आपटलो, तेव्हा तर सगळेच हसले. घरी आल्यावर पाहिलं, गुडघा फुटलेला. कळलंच नव्हतं.

जुम्म्याच्या नमाजनंतर कबरस्तानात गेलो. इथं कबरीवर नाव लावत नाहीत, नुसता दगड. भिंतीकडच्या दगडांतला तिचा कुठला, आज नक्की सांगता येईना. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

१३ जानेवारी

सुरैयाला सांगितलं. दाभोळ, नानी, शाळा. "ओके," म्हणाली. मग, "मम्मी इथंच राहणार?" हो. "ॲण्ड यू?" मीही. तिनं पुढ्यातला भात संपवला. मला वाटलं, चला, सोपं गेलं.

१५ जानेवारी

चालायला गेलो नाही. पडून होतो.

१९ जानेवारी

कफीलाच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या, ऑफिसातून सुरैयाचा पासपोर्ट आणला. देश सोडायच्या परवानगीचे शिक्के झालेत. हाशमच्या हातात दिला. तिची बॅग भरताना शरफुन्निसाची ओढणी सापडली. नाकाशी धरली. काहीच नाही. बॅगेत टाकली.

२२ जानेवारी, शुक्रवार

सुरैयाचं शेवटचं चालणं. निघताना तिनं पलंगाखालून तिसरा जोड ओढून काढला. "मम्मीचे ना?" तिला ठाऊक होतं! ते मोठे होत होते, तरी दोरी आवळून तेच घातले.

कॅरल नेहमीसारखी तिच्या पुढे उभी राहायला आली, तर सुरैया म्हणते, "नो मिस. पप्पा इन द मिडल. ही फॉल्स." आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. कॅरलनं मला हातानंच मधे यायची खूण केली. मी गेलो.

तिवरांपर्यंत पोर मागून बोलत होती. "पाय घासू नका हो. उचलून टाका." एरवी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. हे शरफुन्निसाचं बोलणं — बाजारात, जिन्यावर, जिथं तिथं मला हेच म्हणायची. तिवरांपाशी मी पुन्हा पडलो, त्याच गुडघ्यावर. सुरैयानं हात दिला. उठलो नाही. मिठात बसून रडलो, सगळ्यांसमोर. ती शेजारी उभी होती, माझी कॉलर धरून.

२३ जानेवारी

हाशमकडून सुरैयाचा पासपोर्ट परत आणला. गुडघा सकाळपासून ठणकतोय. खूप दुखतंय.