कानामागची तीट

१२ एप्रिल
अखेर चऱ्होलीत खोली मिळाली. परभणीहून आणलेलं सामान आज टेम्पोतून उतरवलं. एकच खोली, पण पुढं ओटा आहे, लिंबाचं झाड आहे, आणि मागं उठणाऱ्या इमारतींमधून अजून थोडं आभाळ दिसतं. घरमालकीण सगुणाबाई शेजारच्या घरात एकट्या राहतात. आमची खोली म्हणजे त्यांचा जुना गोठा. म्हशी विकल्या, दगडी भिंतींना आतून गिलावा केला, फरशी टाकली आणि भाड्यानं दिली. माझा नवरा आदिनाथ चाकणच्या कंपनीत मोटारींचे दरवाजे बसवतो, हे ऐकून म्हणाल्या, “मोटारी बनिवता आन् जाता बसनं व्हय!” आदिनाथही हसला.

आमची विजयश्री, दीड वर्षाची विजू, त्यांच्या भुऱ्या कुत्र्याच्या गळ्यातच पडली. तो याच गोठ्यात वाढलेला. आता आमच्या उंबऱ्यावर झोपतो. सगुणामावशी म्हणाल्या, त्याला अजून कळलेलं न्हाई की म्हशी गेल्या.

१९ एप्रिल
मला भोसरीत पॅकिंगचं काम लागलं. दिवसभर विजू सगुणामावशींकडे. परत येते तेव्हा न्हाऊमाखू घातलेली, पावडर लावलेली पोर हातात मिळते. माझी आई गेल्यापासून असं कुणी केलं नव्हतं. मावशी म्हणतात, पोरगी आता माझी, तू फक्त रविवारची आई. थट्टाच, पण ऐकायला बरं वाटतं.

२६ एप्रिल
भुऱ्या खात नाही. नाकातून रक्त येतं. मावशी म्हणतात ऊन बाधलं, आणि त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवतात. विजू त्याच्या मानेत हात घालून बसते. उठवलं की रडते.

२८ एप्रिल
भुऱ्या गेला. मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पुरला. कुणीतरी बिस्किटातून काहीतरी घातलं, असं मावशींना वाटतं. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. विजू उंबऱ्यावर जाऊन “भू, भू” करत होती.

३० एप्रिल
कामावरून आले तर भिंतीवर राखाडी दाणे. नीट पाहिलं तर चालत होते. काही छताकडे, काही पाळण्याच्या दोरीवर. मावशींना हाक मारली. त्या शांतपणे म्हणाल्या, “गोचिड्या हायेत. भुऱ्याच्या अंगावरच्या. धनी गेला की निगत्यात.” आम्ही दोघींनी चपलेनं मारल्या, रॉकेलनं भिंती पुसल्या. पाळण्याची दोरीसुद्धा बदलली.

विजूच्या उजव्या कानामागे मावशींनी काजळाची तीट लावलेली दिसली. कुत्रं गेल्यावर त्यांच्या मनात काहीबाही आलं असणार. दृष्टीचं असं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मीही बोलले नाही. अंग पुसताना तेवढी जागा सोडली. पुसली गेली तर त्यांना वाईट वाटेल.

२ मे
तीट रोज ताजी दिसते. मावशींचा हात सढळ होत चालला आहे. आज तर तीट ज्वारीच्या दाण्याएवढी होती. आदिनाथ म्हणाला, पोरीच्या कानामागं एवढं काजळ, डोळ्यात काही उरलं का!

४ मे
विजूला ताप. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट कमी. सगळीकडे डेंगूच चालू आहे म्हणाले. मावशींनी कुठूनतरी पपईची पानं आणली. रस विजूच्या पोटात टिकत नाही.

६ मे
ताप उतरत नाही. तळहातावर, तळपायावर लाल ठिपके आले आहेत. हाक मारली तर बघते, पण माझ्याकडे नाही.

दुपारी मावशी तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “तीट लई मोठी लावतीस बाय तू. मी न्हाऊ घालताना जपूनच ऱ्हाते, पुसंल म्हनून.”

मी म्हटलं, तीट तुम्ही लावता ना, मावशी.

त्यांनी विजूची मान वळवली. मग बोटानं हळूच केस बाजूला केले. तीट फुगलेली होती. तिला पाय होते.

मावशींनी नखांत धरून ओढली. रक्त आलं, एवढंसं. विजू रडलीसुद्धा नाही.

७ मे
पिंपरीचं मोठं हॉस्पिटल. इथल्या डॉक्टरबाईंनी तळहात पाहिले आणि आधी कुत्र्याचंच विचारलं. डेंगू नाही. गोचिडीचा ताप. कुत्र्यालाही गोचिड्यांमुळंच तसला काही ताप आला असेल, म्हणाल्या. जंतू रक्तात उतरतात. औषध साधंच आहे, जुनं, कुठंही मिळणारं. ते तीन दिवस आधी सुरू झालं असतं तर —

मावशी विजूला रोज न्हाऊ घालत होत्या, मी अंग पुसत होते. दोघी ती जागा सोडत होतो.

८ मे
आत सोडत नाहीत. काचेतून दिसते. नळ्या —
आदिनाथ कंपनीच्या कपड्यांतच बसून आहे.
मावशी लांब, जिन्यात. मी बोलावलं. येत नाहीत. म्हणतात मला शिवू नकोस पोरी, माझ्या घरातनंच —
त्यांना काय सांगू. मलाच कोण —

९ मे
नर्सनं विजूचा एक फ्रॉक आणायला सांगितलं. वॉर्डात हलवणार असतील. मावशींबरोबर रिक्षानं घरी आले. बिनबाह्यांचा पिवळा काढला, सुईला अडायला नको. मावशी आत येत नाहीत. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून —

आदिनाथचा फोन. म्हणाला, नवा आण. पूर्ण बाह्यांचा.

नवा कशाला, उलटी होते तिला. आणि हाताला सलाईन आहे, बाह्या कशा घालणार, मी त्याला विचारलं. तर तो म्हणाला, सलाईन काढलं. सगळ्या नळ्या —