अंधार तपासला, ठीक

२ मार्च
चार महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, याबद्दल दिलगीर आहे. वाचणारा मीच, त्यामुळे दिलगिरी मलाच पोचली आणि मी ती स्वीकारली. जरा लवकरच स्वीकारली का, यावर विचार व्हायला हवा.

लिहायला कारण घडलं. मॅडमनी नवा प्रयोग माझ्या एकट्याच्या हाती दिला. अठरा वर्षं या लॅबमध्ये झाडं वाढवतोय, पण शोधनिबंधात माझं नाव येतं ते शेवटी, आभारात, काचसामान पुरवणाऱ्या दुकानाच्या खाली. या वेळी आकडे नीट आले तर लेखकांत दुसरं नाव माझं. मॅडम स्वतः म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतलं.

प्रयोग असा. पानाला प्रकाश हवा, पण झेपेल तेवढाच. जास्त झाला तर निरोगी पान उरलेला प्रकाश उष्णता करून सोडून देतं. आमच्याकडच्या एका वाणाला हे सोडून देणं जमत नाही. सगळं अंगावर घेतो आणि आतून बिघडतो. दोन्ही वाण प्रखर दिव्याखाली ठेवायचे आणि फरक मोजून दाखवायचा.

बायकोला समजावलं. म्हणाली, म्हणजे एक झाड सोडून देतं आणि दुसरं मनाला लावून घेतं. ते दुसरं आपल्या घरीच आहे की.
मी हसलो. मी पहिल्या वाणाचा. तिच्या भावाने माझ्या शर्टाबद्दल एकोणीस वर्षांपूर्वी जे शब्द वापरले, तेसुद्धा मी धरून ठेवलेले नाहीत.

५ मार्च, सकाळी
मोजण्याआधी झाडं अर्धा तास मिट्ट काळोखात ठेवायची, म्हणजे पान विसावतं. मग यंत्र पानावर झोत टाकतं आणि आकडा देतं. विसावलेलं निरोगी पान ०.८ देतं.
आज मध्येच एकदा आत जाऊन सगळं नीट आहे ना पाहून आलो. तरी निरोगी पानांनी ०.५ दिला. प्रखर दिवा लावायच्या आधीच दोन्ही वाण सारखेच आजारी.
अर्थ एकच. माझ्या काळोखात कोणीतरी प्रकाश सोडतंय.

६ मार्च
पुराव्याशिवाय संशय घेणं वाईट. म्हणून घेतला नाही. फक्त यादी केली. यादीत एकच नाव निघालं.
घाईबाई. पीएचडी करणारी मुलगी. हे नाव मीच पाडलं, पिपेट धरायला मीच शिकवलं. मला दादा म्हणते. तिची झाडं शेजारच्या खोलीत आणि आकडे ०.८१. तिची वही सहज चाळत होतो तर म्हणाली, दादा, उभ्याने कशाला वाचताय, घरी घेऊन जा.
इतका मोकळेपणा निष्पाप माणसाला परवडत नाही.

९ मार्च
काळोखाच्या खोलीला कुलूप बसवलं. किल्ली एकच, माझ्या गळ्यात. दाराच्या फटीला काळी पट्टी. शिवाय शिस्त वाढवली. अर्ध्या तासात एकदा नाही, तीनदा आत जाऊन एकेक पान जवळून पाहायचं आणि लगेच नोंद करायची: 'अंधार तपासला, ठीक.'
आकडा ०.४.
अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. माणूस शिकवतो, आणि शिकलेलं आपल्यावरच वापरलं जातं.

१० मार्च
बायको म्हणाली, तुझं नेहमीचंच आहे. गॅस बंद केलाय का ते बघायला तू तो पेटवून बघतोस.
विषयाशी संबंध नाही. तरी लिहून ठेवतो. घरातूनही पाठिंबा नाही, याची कुठेतरी नोंद असावी.

१२ मार्च
मॅडमना लेखी तक्रार दिली. चार मसुदे झाले. पहिल्यात 'विश्वासघात' होता. तो कोणावर अन्याय नको म्हणून खोडला आणि 'अनवधानाने, परंतु सातत्याने' असं घातलं.
मॅडम म्हणाल्या, तुम्ही तिचं नाव लिहिलंय. हे खरं निघालं तर तिची लॅबमधली जागा जाईल, कळतंय ना?
रात्रभर झोप लागणार नाही एवढं कळतंय, असं म्हणालो. मग म्हटलं, तिच्यावर अन्याय नको, खोलीत प्रकाश नोंदवणारं यंत्र लावा. कल्पना माझी होती, हे नमूद करतो.
झोप लागली.

१३ मार्च
यंत्र लावलं. आगपेटीएवढं. दर मिनिटाला प्रकाशाची नोंद करतं. उद्या सकाळी चोर सापडतो.

१४ मार्च
आलेख आला. सपाट रेघ आणि तीन उंच टोकं. ९.१०, ९.२०, ९.२८. मी म्हटलं, तिच्याकडे दुसरी किल्ली आहे हे आता सिद्ध झालं.
घाईबाई समोरच उभी होती. मॅडमनी माझी वही मागितली. लॅबमध्ये सगळ्यात नेटकी वही माझी, आनंदाने दिली. त्यांनी ती आलेखाशेजारी उघडून बोट फिरवलं.
९.१०, अंधार तपासला, ठीक.
९.२०, अंधार तपासला, ठीक.
९.२८, अंधार तपासला, ठीक.
कशाने तपासलात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टॉर्चने. अंधारात दुसऱ्या कशाने दिसणार?
मग मॅडम म्हणाल्या, कुंपणच शेत खात होतं, त्याला कुलूप काय करणार?
घाईबाई हसली नाही. हसली असती तर निदान धरून ठेवायला काहीतरी मिळालं असतं. जाताना एवढंच म्हणाली, तक्रार वाचली मी, दादा. 'सातत्याने' शब्द चांगला निवडलात.

१५ मार्च
दुसरं नाव आता तिचं. मी आभारात.
काल दिवसभर आणि आजही हिशेब करून पाहिला. विश्वासघात झाला आहे, यात शंका नाही. केला कोणी, एवढंच सापडत नाही. सगळा पुरावा माझ्याच अक्षरात आहे.
तिची माफी मागितली. म्हणाली, बरं. प्रयोग मी परत करते, तीन दिवसांचं काम आहे. तुम्ही दाराशी बसा आणि कोणालाही आत सोडू नका.
मी विचारलं, मधे एकदा मी आत डोकावू का?
म्हणाली, कोणालाही म्हणजे तुम्हालाही, दादा.
मग आत सगळं ठीक आहे हे कळणार कसं, असं विचारलं. म्हणाली, नाही कळणार.
घरी येताना विचार केला. काम जबाबदारीचं आहे. कोणा ऐऱ्यागैऱ्यावर सोपवत नाहीत.

उद्या: ९ ते ९.३०, दाराबाहेर खुर्ची टाकून बसणे.