दुसरं परमिट

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे मी पुढे नेमकं कसलं काम करायला लागले हे तुम्हाला ठाऊक असायचं कारणच नाही. त्याला आता सतरा वर्षं झाली. पण मागच्या महिन्यात एका कामात माझी जी फजिती झाली, ती सांगावी असं एकच माणूस डोळ्यांपुढे येत राहिलं. आईला सांगायला गेले तर तिने निम्मं ऐकून विचारलं, "ते राहू दे, जेवली का वं तू?" म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

नातेवाइकांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. मी वेबवर चालणारे प्रोग्राम लिहिते, इथे नागपुरातच, आयटी पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत. या वेळी काम आलं ते सबस्टेशनचं. लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून परमिट घेतो, ऑपरेटर ती लाइन बंद ठेवतो आणि काम संपून परमिट परत आलं की मगच चालू करतो, हे सगळं कागदाऐवजी स्क्रीनवर आणायचं होतं. हसू नका, तुम्हालाच परमिट समजावून सांगते आहे. काम हातात आलं तेव्हा मीही मनात हसले होते. म्हटलं, हे तर माझ्या घरचंच आहे, डोळे मिटून करीन. आणि डोळे मिटूनच केलं.

कोणती लाइन चालू, कोणती बंद, परमिट कुणाकडे, अशी त्या क्षणाची जी सगळी परिस्थिती असते तिला आम्ही स्टेट म्हणतो. मी नवखी होते तेव्हा ही परिस्थिती जो तो बदलायचा. हे बटण हात घालणार, ते पान हात घालणार, आणि बिघडलं की कुणी बिघडवलं ते शोधत बसा. आता सगळा कारभार प्रोग्रामच्या एकाच तुकड्याकडे, म्हणजे एका फंक्शनकडे देतात, त्याला रिड्यूसर म्हणतात. बाकी कुणी स्टेटला परस्पर शिवायचं नाही; काय घडलं तेवढं त्याला कळवायचं. परमिट दिलं, परमिट परत आलं, लाइन चालू करा, असे ठरलेले निरोप असतात. रिड्यूसर जुनी परिस्थिती बघतो, निरोप बघतो आणि नवी परिस्थिती मांडून देतो. जुनीवर खाडाखोड करत नाही. शिवाय हल्ली आम्ही टाइप लावतो, म्हणजे कोणते निरोप येऊ शकतात आणि प्रत्येकासोबत कोणती माहिती असायलाच हवी हे आधी लिहून ठेवतो. काही चुकलं तर प्रोग्राम चालवायच्याही आधी, लिहिता लिहिताच खाली लाल रेघ उमटते. तुमच्या कंट्रोल रूममध्ये वेगळं काय होतं? लाइन चालू-बंद करणाऱ्या ब्रेकरला हात ऑपरेटरचा. ज्युनिअर इंजिनिअर स्वतः येऊन उभा राहिला तरी त्याने सांगायचं, फिरवायचं तुम्ही.

सोमवारपासून खरे लाइनमन या स्क्रीनच्या भरवशावर खांबावर चढणार होते. त्याआधीच्या गुरुवारी मी चाचणीसाठी सावनेरकडच्या एका सबस्टेशनला गेले. तुमचं नव्हे, त्याच्या पुढचं. तिथले ऑपरेटर काका निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून एका बोटाने बटणं दाबणारे. त्यांनी खोटं खोटं एक परमिट दिलं. मग त्याच लाइनवर, त्याच फीडरवर, आणखी एक दिलं. पहिलं परत घेतलं. स्क्रीन हिरवी झाली आणि लाइन चालू करायचं बटण उघडलं. काकांनी बोट मागे घेतलं. म्हणाले, "मॅडम, एक पार्टी आली, ठीक आहे. पण दुसरी तं अजून खांबावरच आहे न. आन् हे तुमचं चालू करा म्हणून राहिलं."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "काका, एकाच फीडरवर दोन परमिट दिलीतच कशाला? तुम्ही चुकीचं वापरताय."

"मंग काय करू? लाइन बारा किलोमीटरची आहे, बाई. इकडचा तुकडा एक पार्टी करते, तिकडचा दुसरी. एकाले चढवाचं आन् दुसऱ्याले घरी धाडाचं का?"

माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फीडरसमोर एवढंच लिहिलेलं होतं: परमिट आहे किंवा परमिट नाही. किती परमिटं, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. पहिलं परत आलं की 'आहे'चं 'नाही' व्हायचं. टाइप सगळे जागच्या जागी, लाल रेघ एकसुद्धा नाही. टाइप बिचारा आपण सांगितलेलंच राखतो. आपल्याला जे सुचलंच नाही ते तो कुठून राखणार? माणूस मेला असता, बाबा.

आणि लाज अशी की हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. सातवीत असेन. मे महिना, दुपार, मी तुमचा डबा घेऊन आले आहे, डब्यात पातोडीचा रस्सा आहे आणि खोलीतला कूलर नुसता आवाज करतो आहे. पॅनेलवर 'माणसे काम करीत आहेत' अशा दोन पाट्या लटकल्या आहेत. एक लाइनमन येऊन सही करून गेला, त्याची पाटी निघाली, दुसऱ्याचा पत्ता नाही. फाटकाशी संत्र्याच्या बागांवाले मोटरसायकली लावून ओरडताहेत, "ओ साहेब, द्या न लाइन, पंप बंद पडून राहिले!" मला त्या ओरडण्याची भीती वाटली आणि मी म्हटलं, "बाबा, एक जण आला न परत. द्या न चालू करून." तुम्ही माझ्याकडे वळलात.

"तुले दिसून राहिला का तो दुसरा, कुठी आहे तं?"

"नाही."

"मले बी नाही दिसून राहिला. मंग काहून देऊ?" आणि मग तो आवाज, जो तुम्ही घरी कधी काढला नाहीत, "ज्याची पाटी त्यानंच काढाची. पुन्हा इथं बसून मले असं सांगाचं नाही."

मी रडायला लागले. दुसरा लाइनमन दीड तासाने आला. काम आटोपून झाडाखाली जेवत बसला होता म्हणे. तुम्ही त्याला रागावला नाहीत, पाणी दिलंत, सही घेतलीत, त्याची पाटी त्यालाच काढू दिलीत, मग लाइन दिलीत. मी कितीतरी दिवस तुमच्यावर रुसून होते. रस्साही गार झाला होता.

गुरुवारी सावनेरहून परत येताना बसमध्ये मला हे सगळं आठवलं, अगदी वेळेवर म्हणायचं! दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, दोन परमिटं काय रोज निघतात का, सोमवारी सुरू करून टाकू, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "सर, मग सोमवारी खांबावर तुम्ही चढा." सगळ्यांसमोर म्हटलं. नोकरी जाते की काय असं वाटलं, पण त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" दोन आठवडे मिळाले.

मग मी 'आहे-नाही' काढून टाकलं आणि परमिटांची यादी ठेवली, प्रत्येकाला आपला नंबर. यादीत एक जरी परमिट उरलं असेल तर 'लाइन चालू करा' हा निरोप आला तरी रिड्यूसर परिस्थिती आहे तशीच ठेवतो आणि कोण बाकी आहे ते सांगतो. हा एक टाइप बदलला आणि प्रोग्रामभर लाल रेघा उमटल्या. मोजल्या तर सतरा. एरवी लाल रेघ दिसली की मी चिडते. त्या दिवशी एकेकीपाशी थांबत गेले, कारण प्रत्येक ठिकाणी मी दुसऱ्या माणसाला विसरलेली होते. शेवटची गेली तेव्हा मी एकटीच कॅन्टीनला गेले आणि दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काल पुन्हा काकांकडे गेले. आधी त्यांची माफी मागितली, ते म्हणाले, "जाऊ द्या जी, चाचणीतच सापडलं, खांबावर नाही." मग त्यांनी दोन दिली, तीन दिली, उलटसुलट परत घेतली. स्क्रीन हलली नाही. शेवटचं परमिट परत आलं तेव्हाच बटण उघडलं. काकांनी चष्मा खाली ओढून ते नीट बघितलं आणि विचारलं, "घरी कोणी आपल्या खात्यात होतं काय तुमच्या?"

मी म्हटलं, "हो, बाबा. इंजिनिअर होते."

सवयीने तोंडातून निघून गेलं, बाबा. कॉलेजच्या होस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुलीला मी हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा तुम्ही माझी गादी खांद्यावर घेऊन दाराबाहेर उभे होतात. तुम्ही ऐकलं की नाही मला आजवर कळलेलं नाही. आत येऊन तुम्ही गादी टाकलीत, खिडकी उघडते का ते बघितलंत आणि सावनेरची बस चुकेल म्हणून लगेच निघालात. त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षं मी ते वाक्य जिथे तिथे वापरलं. काल तर तुमच्याच कामाच्या जोरावर उभी होते, समोर तुमच्यासारखाच माणूस होता, तरीही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, पण बुधवारी मला परत तिथे जायचं आहे, आता स्क्रीन खरोखर सुरू होणार आहे. काका विचारोत न विचारोत, मी सांगणार आहे: माझे बाबा ऑपरेटर होते. आत्ता खोलीत कुणी नाही, म्हणून एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. पहिल्यांदाच म्हटलं, त्यामुळे आवाज जरा चोरटा निघाला.