उशिराचं कारण

४ जानेवारी १९४३, सोमवार

चांदणीला नेलं! आमचा टांगेवाला पुंडलिक सकाळी दारात आला तो पायी, हातात नुसता चाबूक. लढाईसाठी जनावरं गोळा करणारे नवे साहेब अकोल्याहून बदलून आलेत. त्यांची माणसं काल घोडी सोडून घेऊन गेली. पुंडलिकनं पावती मागितली, तर म्हणे लढाईत पावत्या नसतात. पाच वर्षं मी त्या घोडीच्या टांग्यानं शाळेत गेले. कपाळावर पांढरी चांदणी, मानेवर डाव्या बाजूला केसांचे दोन भोवरे, एकाखाली एक. उतरताना मी रोज तिच्या मानेवर हात फिरवायची.

आज पायी गेले. पंचवीस मिनिटं उशीर. मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी उशिराचं रजिस्टर पुढे सरकवलं. तारीख, वेळ, कारण, सही. पस्तिशीच्या मास्तरणीला पोरीसारखं कारण लिहायला लावतात! खडूस बाई.

७ जानेवारी, गुरुवार

कमानिया गेटपाशी चांदणी दिसली. लढाई कुठली न् काय कुठलं — साहेबांच्या बग्गीला जुंपलेली! पुढे साहेबांचा पट्टेवाला, आत शाल पांघरलेली एक म्हातारी, मांडीवर फुलांची परडी. घोडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका गायब, तिथं काळं फासलंय. पण भोवरे कसे पुसणार? मी जवळून गेले तशी तिनं कान टवकारले.

घरी आल्या आल्या मामंजींना सांगितलं. त्यांनी तीस वर्षं कोर्टात नकला काढल्या. कागदाशिवाय त्यांना काही खरं वाटत नाही. म्हणाले, "आजपासून वेगळी वही कर. तारीख, वेळ, जागा, आणि डोळ्यानं दिसलं तेवढंच. राग आला तर तो तुझ्या रोजनिशीत लिही, त्या वहीत नको."

मी म्हटलं, ती म्हातारी साहेबांची आई आहे. त्यांनी लगेच विचारलं, कोणी सांगितलं? बाजारात म्हणतात, म्हटलं. मग ते ऐकीव, सोडून दे! "एक वृद्ध बाई" एवढंच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, पान फाडायचं नाही. आणि कोणाजवळ बोलायचं नाही. साहेबांनी एक चिठ्ठी लिहिली तर यांची कारखान्यातली नोकरी जाईल.

९ जानेवारी, शनिवार

पुन्हा दिसली. पुन्हा उशीर. रजिस्टरमध्ये लिहिलं, "वाटेत घोडी पाहत थांबले." सत्यवतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घोडी म्हणजे कोणाची? कुठं, किती वाजता? नीट लिहा." लिहिलं सगळं, भोवऱ्यांसकट. मग त्यांनी खाली सही केली. वर विचारतात, ती वृद्ध बाई बरी दिसत होती का. काय या चौकशा!

१४ जानेवारी

संक्रांत. चांदणी आता जवळजवळ रोज सकाळी दिसते; रोज उशीर, रोज रजिस्टर. पुंडलिकच्या घरी तिळगूळ दिला. त्याची बायको विनता घोडीच्या रिकाम्या खुंट्याशी बसून होती.

१८ जानेवारी, सोमवार

पुंडलिकला पकडलं! लढाईच्या यादीतली घोडी लपवून तिलवाऱ्याहून नर्मदेपार नेली आणि विकली, असा आरोप. साहेबांनी स्वतःच फिर्याद दिली. चोर तो चोर आणि वर शिरजोर!

शिपाई नेत असताना गल्लीत भेटला. म्हणाला, "बाई, सगळे म्हणून राहिले का मीच विकली. आपलं लेकरू कोणी विकते का?" वहीत सात नोंदी आहेत, हे त्याला सांगायचीसुद्धा चोरी. पण मनात म्हटलं, थांब बाबा.

मामंजींनी वकील गाठला. वही दाखवायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

२४ जानेवारी, रविवार

कोर्टात जायची वही म्हणून दिवसभर बसून सगळ्या नोंदी नव्या कोऱ्या वहीत उतरवल्या. वळणदार अक्षर, समास सोडून, एकही खाडाखोड नाही. जुनीवर तेलाचे डाग होते, दोन नोंदी पेन्सिलीनं होत्या, काही रेघा मारलेल्या. ती बंबात घातली. आता कोणाच्या हाती लागायची भीती नाही.

२५ जानेवारी, सोमवार

मामंजींनी वही उघडली. चार पानं उलटली. "सूनबाई, मूळ कुठं आहे?"

मी सांगितलं.

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले की ही वही एका बैठकीत, एकाच शाईनं लिहिलेली आहे, हे आंधळासुद्धा सांगेल. समोरचा वकील म्हणेल, काल रचली. ते तेलाचे डाग, ती पेन्सिल, त्या रेघा, हाच पुरावा होता.

जन्मभर मुलींना शिकवलं, आधी कच्चं लिहा, मग पक्कं करा, कच्चं टाकून द्या. पुंडलिकला मीच बुडवलं. रडून रडून डोळे सुजले.

२७ जानेवारी, बुधवार

मामंजी चिडले असते तर बरं झालं असतं. उलट स्वतः चहा करून आणला. सासऱ्याच्या हातचा चहा! म्हणाले, नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीही असाच एक मूळ कागद हरवला होता आणि तीन दिवस जेवले नव्हते. "आजपासून परत लिही. दिसेल तेव्हा." यांना असे वडील लाभले, माझं नशीब थोर.

पण दिसेल कशी? घोडी कुंडमकडे कुठल्याशा खेड्यात पाठवली म्हणतात. ऐकीव. बग्गीला आता दुसराच घोडा आहे.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज शाळा सुटल्यावर सत्यवतीबाईंनी थांबवून घेतलं. शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. तिथं मी आजवर कधी गेले नव्हते. दार लावलं, उशिराचं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं.

सात नोंदी! माझ्याच अक्षरात, वेळेसकट, भोवऱ्यांसकट. प्रत्येकीखाली त्यांची सही. आणि पंधरा तारखेला तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरांची सहीसुद्धा त्याच पानावर, नोंदींच्या मधोमध. मला हे एकदाही आठवू नये! मी तर कपाळावर आठ्या घालून खरडत होते.

त्या म्हणाल्या, "रजिस्टर शाळेबाहेर जाणार नाही. कोर्टानं मागवलं तर मी स्वतः घेऊन येईन. तोवर कोणाला सांगू नका, मला विचारूही नका." मी पायाच पडायला वाकले. त्यांनी मागे सरून पाणी दिलं.

मामंजींना मात्र सांगितलं, कोर्टाकडून मागवायचं तर वकिलाला कळायला हवं. म्हातारा माणूस देवापुढे साखर ठेवून आला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

सुटला! पुंडलिक सुटला!

सत्यवतीबाई रजिस्टर छातीशी धरून कोर्टात आल्या, पायी. पान उघडून दाखवलं, सह्या ओळखल्या. साहेबांचा वकील उलटतपासणीला उठला, तर साहेबांनीच त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं. आम्ही बघतच राहिलो. साहेबांनी बाईंकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

मग आमच्या वकिलाच्या अर्जावरून कोर्टानं कुंडमहून आणवलेल्या घोडीला बाहेर पाहिलं. गुरांच्या डॉक्टरांनी कपाळ धुतलं, काळं पाणी वाहिलं, चांदणी निघाली. मानेवर दोन भोवरे, एकाखाली एक, रजिस्टरात लिहिल्याप्रमाणे. साहेबांची चौकशी लागली आहे.

पुंडलिक घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभा होता. विनतानं माझे दोन्ही हात धरले. मी तिला म्हटलं, माझे नको, त्यांचे धर. पण सत्यवतीबाई तोवर निघून गेल्या होत्या, चौथ्या तासाला त्यांचा वर्ग होता.

किती जणांचं देणं आहे माझ्यावर! मामंजींचं, बाईंचं, सही करून गेलेल्या त्या अनोळखी इन्स्पेक्टरांचंसुद्धा. यांनी तर नोकरी पणाला लागली असताना एकदाही "सोडून दे" म्हटलं नाही. आज सगळ्यांसाठी पुरणपोळी केली.

१ मार्च, सोमवार

शाळा सुटल्यावर पुंडलिकचा टांगा मागच्या खोल्यांपुढे थांबलेला दिसला. एक ट्रंक, एक वळकटी, आणि शाल पांघरलेली ती बग्गीतली म्हातारी. सत्यवतीबाई धावत बाहेर आल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "आई, जपून उतर. दादा काही बोलला का?"

सात वेळा लिहायला लावलं होतं त्यांनी मला. सातही वेळा, नीट.