न सुटलेली गाठ

नल्लकुंटा, शुक्रवार, १४ जून १९९६

थोरली शैला आबिड्सच्या एका संगणक कंपनीतून दुपारीच परत आली. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. साहेबांनी अर्जावरचे विद्यापीठाचे नाव वाचले आणि शेजारच्याला विचारले, "ये किधर आया, भाई?" दोघे हसले. मग "कळवू" म्हणाले.

सुवर्णपदकाचे प्रमाणपत्र फाइलमध्येच राहिले. सकाळी ती फाइल देवापुढे ठेवून मी फितीच्या गाठीवर कुंकवाचे बोट लावले होते.

इथल्या मोठ्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळत होता. मीच नको म्हटले. गावाकडच्या ज्या लहान विद्यापीठात मी शिकलो, तिथेच तिला धाडले. तिथले सर प्रत्येकाला नावाने ओळखत, चुकलेले गणित घरी बोलावून पुन्हा सोडवून घेत. मोठ्या ठिकाणी पोर हरवते, असे तिला म्हणालो होतो. खोटे बोललो का? नाही. पण नोकरी देणारा हे विचारतच नाही, एवढे मला का कळू नये?

"शिकवलं चांगलंच हो त्यांनी, बाबा," ती म्हणाली. माझीच समजूत घालत होती.

संध्याकाळी धाकटीने इथल्या विद्यापीठाचा अर्ज पुढे केला. "सही करा. अन् या वेळेस तुमचं गाव मधे आणू नका." सही केली.

दिवा लावला, पण मागावे काय ते सुचेना. शैलाची फाइल कपाटात ठेवायला उचलली. गाठीवरचे कुंकू सकाळी लावले तसेच होते.